हलकं, जड, पुन्हा हलकं: एकाच सत्रात वेगवेगळ्या पिस्तुलांचा सराव

नेमबाजीच्या रेंजवर हे नेहमी दिसतं. कोणीतरी टेबलावर तीन पिस्तुलं मांडतं, उत्साहात सगळ्यात दांडगं आधी उचलतं, पन्नास गोळ्या धडाधड उडवतं आणि मग .२२ (०.२२ इंची हलक्या गोळीचं पिस्तूल) हातात घेतं. आता गोळ्या टार्गेटवर खाली-डावीकडे पडायला लागतात, आणि नेम धरायच्या साइटचे स्क्रू फिरवणं सुरू होतं. पिस्तुलाचं काहीच बिघडलेलं नसतं. बिघडलेला असतो तो हात. मोठ्या झटक्याची धास्ती त्याने हलक्या पिस्तुलापर्यंत सोबत आणलेली असते.

रेंजवरचं प्राथमिक प्रशिक्षण झालेलं आहे आणि आता एकाहून जास्त प्रकारची पिस्तुलं हाताळायची आहेत, अशांसाठी हे टिपण आहे. पहिल्यांदाच जाणार असाल तर प्रशिक्षक शेजारी हवाच. तिथे वाचनाने भागत नाही.

१. आदल्या दिवशीची तयारी

एका सत्रात तीनपेक्षा जास्त पिस्तुलं नकोत. नवख्याने दोनच घ्यावीत. आधी सत्राचा एक प्रश्न ठरवा: "ट्रिगर सरळ मागे येतोय का?" किंवा "झटक्यानंतर साइट परत जागेवर येतेय का?" प्रश्न एकच. तोच तिन्ही पिस्तुलांना विचारायचा.

मग गोळ्या मोजून घ्या. मी साधारण असा हिशेब धरतो: एअर पिस्तुलाचे २० छर्रे, .२२च्या ३० गोळ्या, ९ मिमीच्या २०, आणि शेवटासाठी बाजूला ठेवलेल्या .२२च्या १०. रिव्हॉल्व्हर असेल तर ९ मिमीच्या जागी त्याच्या १२. हे आकडे कमी वाटतील. पण शंभरावी गोळी दमलेल्या हाताने उडते, आणि दमलेला हात चुकाच पाठ करतो.

गोळ्यांच्या बाबतीत सगळ्यात घातक चूक घरीच होते: दोन कॅलिबरच्या (मापांच्या) गोळ्या एका डबीत. नुसतं "नऊ मिमी" म्हणणं पुरेसं नाही; ९×१९ आणि ९×१८ या वेगळ्या गोळ्या आहेत आणि त्या एकीच्या जागी दुसरी चालत नाहीत. .३५७ मॅग्नमसाठी बनवलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल चालते, उलटं मात्र अजिबात नाही. तीन ठिकाणचं लिखाण जुळवून बघा: पिस्तुलाच्या नळीवर कोरलेलं, गोळ्यांच्या खोक्यावरचं आणि काडतुसाच्या बुडावर छापलेलं. .२२च्या बुडावर बहुधा कंपनीची खूणच असते, तिथे खोक्यावर भिस्त. म्हणून त्या गोळ्या मूळ खोक्यातून काढूच नयेत.

बाकी पिशवीत: संरक्षक चष्मा, कानात घालायचे प्लग आणि वरून घालायचे मफ, प्रत्येक पिस्तुलासाठी सेफ्टी फ्लॅग (पिस्तूल रिकामं असल्याची खूण), दोन-तीन डमी राउंड (न उडणारी नकली काडतुसं), साइटचा स्क्रूड्रायव्हर, वही, पेन. अंगावर बंद गळ्याचा शर्ट आणि पुढे झाप असलेली टोपी.

गळ्याचा मुद्दा किरकोळ वाटतो, म्हणून अनुभव सांगतो. एकदा माझ्या उघड्या कॉलरमध्ये ९ मिमीची तापलेली पुंगळी (उडालेल्या काडतुसाचं रिकामं कवच) पडली. चटका बसला तसा डावा हात मानेकडे गेला आणि उजवा हात, पिस्तुलासकट, आपोआप वळायला लागला. मागून ओरडा आला, "नळी पुढे!" तेवढ्याने वाचलो. पुंगळीचा डाग आठवड्यात जातो. ती पडली तर भाजू द्यायचं, पिस्तूल टार्गेटकडेच धरायचं, बोट ट्रिगरवरून काढायचं, पिस्तूल खाली ठेवायचं, आणि मग हवा तेवढा नाच करायचा.

तपासा: तिन्ही पिस्तुलं रिकामी आहेत, गोळ्या त्यांच्यापासून वेगळ्या ठेवल्या आहेत, खोक्यांवरची नावं दिसताहेत.

२. रेंजवर पोहोचल्यावर

कान आणि डोळे झाकूनच आत जा. ".२२चा कसला आवाज" असं म्हणणारे बरेच भेटतात. पण १४० डेसिबलच्या वरचा एकच धमाकाही कानाला कायमची इजा करू शकतो, आणि .२२ पिस्तूलही तो आकडा ओलांडतं. ९ मिमी त्याच्या बरंच वर. बंदिस्त रेंजवर आवाज भिंतींवरून परत येतो, तिथे प्लग आणि मफ दोन्ही घाला. दोघांचं संरक्षण एकमेकांत बेरीज होत नाही, जेमतेम पाचेक डेसिबल वाढतं. तरी ते पाच हवेतच.

रेंज ऑफिसरला तीन गोष्टी विचारा. इथे कोणत्या कॅलिबरला परवानगी आहे? आज्ञा कोणत्या शब्दांत देतात? बिघाड झाला तर हात वर करायचा की हाक मारायची? प्रत्येक रेंजची पद्धत थोडी निराळी असते आणि "आमच्याकडे असं नाही" या वाक्याला तिथे किंमत नसते. "स्टॉप" मात्र सगळीकडे एकच. तो शब्द कोणाच्याही तोंडून आला तरी थांबायचं, मग चौकशी.

पिशवी फायरिंग लाइनवरच उघडा, नळीची तोंडं टार्गेटकडे येतील अशी ठेवून. टेबलावर एका वेळी एकच पिस्तूल आणि त्याच्याच गोळ्यांचं खोकं. दुसरं पिस्तूल बाहेर काढायच्या आधी पहिलं रिकामं, फ्लॅग लावलेलं आणि पिशवीत.

सावधान: लोक टार्गेट बदलायला पुढे गेलेले असताना टेबलावरच्या कशालाही हात लावू नका. साइटला नाही, रिकाम्या मॅगझिनलाही (पिस्तुलात बसणाऱ्या गोळ्यांच्या पेटीला) नाही. लाइनपासून एक पाऊल मागे उभं राहा.

३. पिस्तूल रिकामं करण्याचा क्रम

वेगवेगळी पिस्तुलं हाताळताना नेमबाज सगळ्यात जास्त गोंधळतो तो इथे, कारण हाताला एका पिस्तुलाची सवय असते आणि पुढ्यात दुसरंच असतं. तिन्ही प्रकार स्वतंत्रपणे पाठ करा.

सेमी-ऑटोमॅटिक (.२२ असो की ९ मिमी): बोट ट्रिगरच्या बाहेर. आधी मॅगझिन काढा. मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून अडकवा. चेंबरमध्ये (उडण्याआधी गोळी बसते त्या जागेत) डोकावून बघा, उजेड कमी असेल तर करंगळीने चाचपा. मग फ्लॅग.

हा क्रम उलटला की काय होतं ते नीट समजून घ्या. मॅगझिन आत असताना स्लाइड मागे ओढली, तर चेंबरमधली गोळी बाहेर उडते. ती डोळ्यांनी दिसते, जमिनीवर टणकन पडते, आणि मन म्हणतं, "निघाली." पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये ढकलते. त्यानंतर मॅगझिन काढलं तर हातात वरवर रिकामं आणि प्रत्यक्षात भरलेलं पिस्तूल राहतं. "रिकामं होतं हो" म्हणत झालेल्या अपघातांमागे बरेचदा हाच उलटा क्रम असतो.

रिव्हॉल्व्हर: हॅमर (मागची हातोडी) खाली आहे याची खात्री करा, सिलिंडर (गोळ्यांचं फिरतं चाक) उघडा आणि दांडी दाबून पुंगळ्या बाहेर काढा. मग भोकं मोजा. "सहा" असं धरून चालू नका. पाच, सात, आठ भोकांचे सिलिंडरही असतात. सगळ्यांतून पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. टेबलावर सिलिंडर उघडाच ठेवायचा.

एअर पिस्तूल: इथे फसगत वेगळी. छर्रा नळीत एकदा बसला की बाहेरून दिसत नाही आणि परत ओढून काढताही येत नाही. रेंज ऑफिसरला सांगून तो टार्गेटच्या दिशेने उडवून टाकावा लागतो. म्हणूनच एअर पिस्तुलाचा सेफ्टी फ्लॅग म्हणजे आखूड तुकडा नसून अख्ख्या नळीतून आरपार जाणारी दोरी असते. दोन्ही टोकं बाहेर दिसली तरच नळी मोकळी.

तपासा: प्रत्येक प्रकार पाच वेळा, रिकाम्या पिस्तुलावर, क्रम तोंडाने म्हणत. चुकलात तर परत पहिल्यापासून.

४. पकड आणि कोरडा सराव

गोळी भरण्याआधी दहा-पंधरा वेळा ड्राय फायर, म्हणजे गोळीशिवाय ट्रिगर दाबणं. एअर पिस्तुलांत बहुधा त्यासाठी वेगळी सोय असते. ९ मिमी आणि आधुनिक रिव्हॉल्व्हरमध्ये डमी राउंड घालावा. .२२च्या बाबतीत जपून: त्याची फायरिंग पिन काडतुसाच्या कडेवर आपटते, काडतूस नसेल तर काही पिस्तुलांत ती चेंबरच्या काठावर आपटून दोन्हींना इजा करते. पिस्तुलाची पुस्तिका काय म्हणते ते बघा, नाहीतर .२२चा डमी वापरा.

पकडीत अंगठे कुठे आहेत ते आधी बघा. दोन हातांनी सेमी-ऑटोमॅटिक धरताना आधाराच्या हाताचा अंगठा स्लाइडच्या मागे आडवा टाकायची सवय नवख्यांना हमखास असते. स्लाइड मागे आली की अंगठ्याच्या मुळाशी दोन समांतर चिरा पडतात. दोन्ही अंगठे एकाच बाजूला, पुढच्या दिशेने ठेवा. हीच पकड घेऊन रिव्हॉल्व्हरकडे गेलात तर मात्र पुढे गेलेला अंगठा सिलिंडर आणि नळीच्या फटीजवळ पोहोचतो, आणि तिथून बाजूला तापलेला वायू आणि शिशाचे कण जोरात निघतात. रिव्हॉल्व्हरवर अंगठे मागेच दुमडून ठेवायचे. एका पिस्तुलाची बरोबर पकड दुसऱ्यावर जखम करते, ती अशी.

मग उभं राहणं. पिस्तूल टार्गेटवर धरा, डोळे मिटा, एक श्वास घ्या-सोडा, डोळे उघडा. साइट डावीकडे गेली असेल तर मनगटाने ओढून आणू नका. मागचं पाऊल सरकवा. पिस्तुलाचं वजन बदललं की हा तोल बदलतो, म्हणून प्रत्येक पिस्तुलासाठी ही चाचणी नव्याने.

५. पहिला टप्पा: एअर पिस्तूल किंवा .२२

हलक्यापासून सुरुवात करायची, कारण यात चूक लपत नाही. झटका जेमतेम असतो, त्यामुळे गोळी सुटताना साइट कुठे होती ते दिसतं. १० मीटर एअर पिस्तूल स्पर्धेत ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा असतो, २५ मीटरच्या .२२ पिस्तुलाचा किमान १००० ग्रॅमचा. एकावरून दुसऱ्यावर जाताना बोट गोंधळतं, म्हणून मध्ये पाच ड्राय फायर.

नजर फ्रंट साइटवर, म्हणजे नळीच्या टोकाजवळच्या खुणेवर. टार्गेट धूसर दिसलं पाहिजे. हे पटत नसेल तर गणित करून बघा. एअर पिस्तुलाच्या दोन साइटमधलं अंतर साधारण ३२० मिमी धरू. हात स्थिर आहे, पण फ्रंट साइट मागच्या (रिअर) साइटच्या खाचेत १ मिमीने बाजूला गेली, तर १० मीटरवर छर्रा सुमारे ३१ मिमी सरकतो. टार्गेटवर त्याचे गुण सात. याउलट साइट एकमेकींत चोख जुळलेल्या आहेत आणि अख्खा हातच १० मिमीने हलला, तर छर्रा १० मिमीच सरकतो आणि नऊ मिळतात. दहाच्या वर्तुळाचा व्यास फक्त ११.५ मिमी आहे, त्यामुळे हात हलतोय म्हणून घाबरणारे फार. हात हलणारच. साइट एकमेकींत हलू देऊ नका.

पिस्तूल वर आणा, टार्गेटच्या भागात स्थिरावा, ट्रिगरवर दाब वाढवत राहा. पाच ते आठ सेकंदांत गोळी सुटली नाही तर खाली घ्या आणि पुन्हा सुरू करा. नवखे हे कधीच करत नाहीत. एवढं धरलंय तर उडवूनच टाकू, म्हणतात. ती गोळी जवळजवळ नेहमीच वाया जाते. सुटल्यावरही एक-दोन सेकंद साइट बघत राहा, ट्रिगर मागेच दाबलेला ठेवून.

पाच-पाच गोळ्यांचे गट करा. गट कुठे पडलाय ते नंतर. आधी तो किती लहान आहे ते बघा. एकाच जागी तीन गट पडेपर्यंत साइटचा स्क्रू फिरवायचा नाही. फिरवायचा झाला तर रिअर साइट त्या दिशेला न्यायची, जिकडे गोळी जायला हवी.

तपासा: शेवटच्या गोळीला साइट कुठे होती हे टार्गेट न बघता सांगता येतंय? येत नसेल तर जड पिस्तूल आज राहू द्या.

६. दुसरा टप्पा: ९ मिमी

.२२ची गोळी साधारण २.६ ग्रॅमची, ९ मिमीची नेहमीची हलकी गोळी ७.५ ग्रॅमच्या आसपास. वेगात फार फरक नाही, वजन जवळपास तिप्पट. झटका तिथून येतो.

पहिल्यांदा मॅगझिनमध्ये एकच गोळी. यावर मी अडून बसतो आणि लोक वैतागतात. पण अनपेक्षित झटक्याने पिस्तूल वर उडालं की घाबरलेली मूठ आवळते, बोटही आवळतं, आणि नळी छताकडे असताना दुसरी गोळी सुटू शकते. एक गोळी पाच वेळा, साइट शांतपणे खाली परत येतेय असं दिसलं की दोन, मग पाच.

अंतर रेंजच्या नियमात बसेल तेवढं कमी ठेवा, ७ ते १० मीटर. या पिस्तुलांच्या साइटमधलं अंतर १६० मिमीच्या आसपास असतं, म्हणजे तीच १ मिमीची चूक २५ मीटरवर १५ सेंटिमीटरच्या पुढे जाते. २५ मीटरच्या अचूक नेमाच्या टार्गेटवरचं काळं वर्तुळच २० सेंटिमीटर व्यासाचं. गोळी पांढऱ्यात जाते आणि शिकायला काही मिळत नाही.

आता दचकण्याची परीक्षा. मित्राला सांगून मॅगझिनमध्ये खऱ्या गोळ्यांत एक डमी मिसळा, कितवी ते तुम्हाला माहीत नको. डमीची पाळी आली की नुसतं "टक्" होतं आणि सगळं उघडं पडतं: झटका आलाच नाही, तरी नळीचं टोक खाली बुडालं. प्रत्येकजण पहिल्यांदा ओशाळवाणं हसतो. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याच्या गोळ्या खाली-डावीकडे का जातात, त्याचं उत्तर तिथेच मिळतं. टोक बुडालं तर पाच ड्राय फायर, एक खरी गोळी, पुन्हा पाच ड्राय फायर.

सावधान: मनगट ढिलं सोडलं तर स्लाइड पूर्ण मागे येत नाही आणि पुंगळी उभीच अडकते. पिस्तुलाला दोष देण्याआधी पकड बघा.

७. रिव्हॉल्व्हर असेल तर

आधी हॅमर हाताने मागे घेऊन, सिंगल अॅक्शनमध्ये. मग डबल अॅक्शन, जिथे हॅमरही ट्रिगरच मागे नेतो आणि त्याला साडेचार-पाच किलोचा दाब लागू शकतो. एवढा दाब टोकाने जमत नाही, बोट थोडं आत घ्यावं लागतं. ओढताना मध्ये थांबू नका, एकाच गतीने शेवटपर्यंत. हॅमर मागे घेतला आणि नेम सोडून द्यायचा ठरवलं, तर तो हळूच खाली आणणं हे जोखमीचं काम. ते आधी रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर प्रशिक्षकासमोर शिकून घ्या.

८. काही बिघडलं तर

आवाजावरून ओळखायचं.

"टक्", धमाका नाही: पिस्तूल टार्गेटकडे धरून ३० सेकंद थांबा. काडतूस उशिरा पेट घेऊ शकतं. रिव्हॉल्व्हरमध्ये तर लगेच दुसऱ्यांदा ट्रिगर दाबूच नका. सिलिंडर फिरतो, ते काडतूस नळीच्या समोरून बाजूला जातं, आणि पेटलं तर गोळीला जायला वाट नसते. तीस सेकंदांनंतर पिस्तूल रिकामं करा आणि काडतूस रेंजच्या ठरलेल्या डब्यात टाका, खिशात नाही.

नेहमीपेक्षा मंद "फुस्स" आवाज, झटका कमी: थांबा. गोळी नळीतच अडकली असण्याची शक्यता आहे. तिच्यामागे दुसरी उडवली तर नळी फुटते. घाईत असलेला माणूस नेमकं हेच करतो, कारण सेमी-ऑटोमॅटिकमध्ये स्लाइड हाताने ओढली की पुढची गोळी बिनबोभाट भरली जाते. मॅगझिन काढा, स्लाइड मागे अडकवा, चेंबर रिकामं असल्याची खात्री करा, रेंज ऑफिसरला बोलवा. नळीच्या तोंडातून डोकावू नका. सळई घालून बघण्याचं काम जाणकारावर सोडा.

अडकलेली पुंगळी: बोट बाहेर, मॅगझिन काढा, स्लाइड मागे. ओढताना नळी शेजाऱ्याकडे वळते, तिकडे लक्ष. स्लाइड ओढायला जोर लागतो म्हणून लोक पिस्तूल पोटासमोर आडवं धरतात. त्याऐवजी स्वतः आडवे उभे राहा, पिस्तूल सरळच राहू द्या.

९. पुन्हा हलक्यावर

बाजूला ठेवलेल्या .२२च्या १० गोळ्या आता. घाई नको, आधी पाच मिनिटं बसा. पाच ड्राय फायर, मग पाच-पाचचे दोन गट. हे गट सुरुवातीच्या गटांशेजारी ठेवा. गट सैल झाला किंवा खाली सरकला तर जड पिस्तुलाची धास्ती हातात राहिली आहे. पुढच्या सत्रात ९ मिमीच्या गोळ्या निम्म्या. तेवढाच राहिला तर चार-पाच गोळ्या वाढवा.

वहीत पिस्तूल, अंतर, गटाचा व्यास आणि प्रश्नाचं एका ओळीत उत्तर. गुण लिहायचे तर लिहा, मी लिहीत नाही.

१०. आवराआवर

प्रत्येक पिस्तूल वर मुद्दा ३ मधल्या क्रमाने रिकामं, फ्लॅग लावून, रेंज ऑफिसरला दाखवून मगच पिशवीत. उरलेल्या गोळ्या मोजा. घेतलेल्या, उडवलेल्या आणि उरलेल्या यांचा ताळा बसत नसेल तर मॅगझिनं पुन्हा बघा.

हातावर, बाहीवर, बुटांवर शिसं असतं. साबणाने हात आणि तोंड धुण्याआधी पाण्याची बाटलीसुद्धा तोंडाला लावू नका. रेंजचे कपडे घरच्या धुण्यात, विशेषतः लहान मुलांच्या कपड्यांत, मिसळू नका, आणि बूट दाराबाहेर काढा.